लंबकमामाचे ऐंशी फेरे

ज्या दिवशी लंबकमामाचे बारा वाजले, त्या दिवशी खरोखरच बारा वाजत होते.

चौकातल्या मनोऱ्यावरचं ते अवाढव्य घड्याळ मामाच्या कानापासून हातभर अंतरावर ठोके देत होतं, आणि मामा कमरेपासून वर घड्याळाच्या खोलीत व कमरेपासून खाली जिन्यात अशा दोन खात्यांत विभागला गेला होता. वरचा मामा ठोक्यांनी बहिरा झाला होता. खालच्या मामाचे पाय हवेत पायरी शोधत होते. मधला मामा लोखंडी चौकटीत बाटलीच्या बुचासारखा घट्ट बसला होता.

मनोऱ्याला एकशे बारा पायऱ्या. त्या संपल्या की डोक्यावर एक झडप लागते, सव्वा फूट लांब आणि सव्वा फूट रुंद. तिच्यातून एक हात वर, खांदे तिरके, असं स्वतःला वर ओढून घेतलं की घड्याळाच्या खोलीत पोचता येतं. मनोरा बांधणाऱ्याने ही झडप कोणत्या उपाशी माणसाचं माप घेऊन केली, कोण जाणे. मोठी करावी म्हटलं तर घड्याळाचा सगळा सांगाडा त्याच चौकटीवर उभा. चौकट हलली की घड्याळ हललं.

खालच्या कार्यालयातले दोन कारकून धावत आले आणि त्यांनी एकेक पाय धरला. घड्याळाला घालायचं तेल मामाच्या कमरेभोवती ओतण्यात आलं. सव्वाबाराला मामा एकदाचा खाली आला, तो थेट कारकुनांच्या अंगावर.

"साहेबांना सांगू नका," मामा पहिलं वाक्य बोलला.

साहेब तीनच पायऱ्या खाली उभे होते.

आता लंबक हे नाव कसं पडलं तेही सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की गाव आंधळं आहे. सव्वीस वर्षांपूर्वी मामा चावी देण्याच्या नोकरीवर लागला तेव्हा उंच, सडपातळ होता आणि चालताना डावी-उजवीकडे झुलायचा. वजन बहात्तर किलो. कोणीतरी 'लंबक' म्हणालं आणि ते चिकटलं. पुढे माणूस वाढत गेला, नाव तेवढंच राहिलं. लंबकाच्या टोकाला जो गोळा असतो तो हळूहळू मध्यावर सरकला, एवढाच काय तो फरक. ज्या दिवशी अडकला त्या दिवशी वजन होतं अठ्ठ्याण्णव.

नगरपालिकेचे अभियंता साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांना फक्त मोटरी फार आवडत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मामाला बोलावलं आणि समोर एका चकचकीत यंत्राचं चित्र ठेवलं.

"ही चावी देणारी मोटर. बटण दाबलं की झालं. माणूस वर जायलाच नको."

"आणि माणसाने कुठे जायचं, साहेब?"

"तुम्हाला आवक-जावक टेबलावर घेऊ. खाली, खुर्चीवर, पंख्याखाली."

मामाने चित्र साहेबांकडे परत सरकवलं. सव्वीस वर्षं तो रोज पावणेबाराला वर जात होता. घड्याळ कधी खोकतं, थंडीत किती सेकंद मागे पडतं, हे त्याला बायकोच्या तब्येतीपेक्षा जास्त ठाऊक होतं. हे मामीचं म्हणणं आहे आणि तिने ते कधी मागे घेतलेलं नाही.

"साहेब, मला चार महिने द्या. त्या झडपेतून वर गेलो नाही तर लावा तुमची मोटर."

साहेबांनी मामाच्या पोटाकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं आणि तारीख लिहून घेतली. चार महिन्यांनंतरची पहिली तारीख, वेळ पावणेबारा.

तोवर चावी कोण देणार, हा प्रश्न होताच. कारकुनांनी कंबर दुखत असल्याचं सांगितलं. शेवटी मामी पदर खोचून उभी राहिली. ती अंगाने इतकी बारीक की त्या झडपेतून दोनदा गेली असती. मामा शेवटच्या पायरीवर बसून, मान वर करून सूचना द्यायचा आणि ती वर चावीचा दांडा फिरवायची.

"डावीकडे फिरव!"

"माहितीये."

"अगं, हळू! ते घड्याळ आहे, पाणी शेंदायचा रहाट नव्हे."

"अहो, तुम्ही वर येऊन दाखवा ना मग!"

मामाला वर येता आलं असतं तर तो खाली बसलाच नसता.

मामाने वजन उतरवण्याची मोहीम आपल्या पद्धतीने सुरू केली. म्हणजे जेवणच बंद. दोन दिवस नुसतं पाणी. काट्यावर दोन किलो कमी भरले आणि मामाने बायकोला जवळजवळ मिठीच मारली. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या मुलीचा वाढदिवस होता. मामा केकजवळ उभा असलेला पुष्कळांनी पाहिला. केक मात्र नंतर कोणी पाहिला नाही. चौथ्या दिवशी ते दोन किलो परत आले.

तेव्हा भाचीला बोलावणं गेलं. ही मामाच्या थोरल्या बहिणीची मुलगी. दवाखान्यात आहारतज्ज्ञ होती आणि तिच्या हाताखाली पेशंट सुतासारखे सरळ होत. ती आली, पर्स ठेवली आणि म्हणाली, "मामा, तुझ्या घड्याळाला दोन दिवस चावीच दिली नाहीस तर काय होईल?"

"बंद पडेल."

"आणि मग तिसऱ्या दिवशी चार दिवसांची चावी एकदम दिलीस तर?"

"दोर तुटेल. कोण मूर्ख असं करेल?"

भाचीने मामाकडे बोट केलं. मामी तोंडाला पदर लावून आत गेली.

"बरं, आता नीट ऐक," भाची म्हणाली. "शरीर दिवसभर काही ना काही खर्च करतच असतं. नुसतं पडून राहिलास तरी हृदय चालतं, श्वास चालतो. तुझा खर्च साधारण अडीच हजार कॅलरी. तेवढंच खाल्लंस तर वजन आहे तिथे राहणार. जास्त खाल्लंस तर ते साठणार. कमी खाल्लंस तर शरीर साठ्यातलं वापरणार. बाकी सगळं याच्यानंतर."

"कॅलरी म्हणजे नक्की काय गं? दिसत नाही, वाजत नाही..."

आणि इथे मामा मध्येच थांबला. त्याचा चेहरा असा झाला की भाचीला वाटलं, ह्याला चक्कर येतेय. मामा उठला, दोरीला बांधलेला बत्ता आणला आणि दोरी खुंटीवरून टाकून बत्ता वर ओढला.

"हे बघ. घड्याळ कशावर चालतं? वजनावर. चावी दिली की वजन वर चढतं. घड्याळ चालतं तसं ते खाली येतं. माझं घड्याळ दिवसाला शंभर फेरे खर्च करतं, म्हणून मी शंभर फेरे देतो. वजन रोज होतं तिथेच. पण मी ऐंशीच दिले तर?"

"तर?"

"तर घड्याळ बंद नाही पडणार. चालणार, ठोके देणार. पण दुसऱ्या दिवशी वजन वीस फेरे खाली असेल! अगं, सव्वीस वर्षं मी हेच करतोय! चावी कमी, की वजन खाली!"

बत्ता सुटला आणि मामाच्या पायावर पडला. पण आनंद एवढा होता की तो फक्त डाव्या पायावर नाचला.

भाचीला हसू आवरेना. पण ती हिशेबाची पक्की. तिने तिथेच ठरवून टाकलं. अडीच हजारांचे शंभर फेरे, म्हणजे एक फेरा पंचवीस कॅलरींचा. मामाने रोज ऐंशी फेऱ्यांचं खायचं. असं चाललं तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास उतरेल, चार महिन्यांत सात-आठ किलो.

"बस? आठच?" मामा हिरमुसला.

"तू अडकलास किती बोटांनी?"

"दोन."

"मग! आणि चढलं कसं ते ठाऊक आहे? सव्वीस वर्षांत सव्वीस किलो. वर्षाला एक. म्हणजे घड्याळाच्या खर्चापेक्षा रोज साधारण एकच फेरा जास्त. एक बिस्कीट, मामा. तू काही राक्षस नाहीस. तू फक्त नियमित आहेस."

नियमितपणाबद्दल मामाला आयुष्यात प्रथमच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात फेऱ्यांचं राज्य आलं. पावाचा एक तुकडा तीन फेरे. उकडलेलं अंडं तीन. वाटीभर भात आठ. लोण्याचा चमचा चार, आणि हे ऐकून मामा लोण्याच्या भांड्याकडे फितूर निघालेल्या मित्राकडे बघावं तसा बघत राहिला. काकडी मात्र जवळपास फुकट, म्हणून काकड्या टोपलीने आल्या. सुताराने सव्वा फुटाची एक लाकडी चौकट करून दिली, ती दारात टांगली आणि दर रविवारी मामा त्यातून जाण्याची तालीम करू लागला. चौकटीत अडकलेला मामा मग चौकटीसकट स्वयंपाकघरात यायचा आणि मामी त्याला म्हणायची, "फोटो छान आलाय."

एक आठवडा गेला. दोन गेले. तीन गेले.

काटा अठ्ठ्याण्णववर. चौकट आपली कमरेवर.

मामाचा चेहरा पाहवेना. तो खरंच ऐंशी फेऱ्यांचंच जेवत होता. मामी साक्षीदार होती, ताट तीच वाढायची. "माझं घड्याळच बिघडलंय," तो म्हणू लागला. "माझ्या अंगाला हवाही लागते." साहेब भेटले की ते प्रेमाने आवक-जावक टेबलाजवळची खिडकी दाखवायचे. तिथून मनोऱ्याचा फक्त पाया दिसायचा.

"आणि रोज एकशे बारा पायऱ्या चढतो, त्याचं काय?" मामाने भाचीला विचारलं. "त्याचे दहा-पंधरा फेरे तरी सूट मिळायला हवेत."

"मामा, मनोरा चढण्याचा एक फेरा."

"एक?"

"एक. म्हणजे शेंगदाण्याचे पाच दाणे."

हे ऐकून मामा एकदम गप्प झाला. नेहमीचं गप्प नव्हे. चोरी पकडली जाण्याच्या जरा आधी माणूस होतो तसं गप्प. भाचीच्या ते लक्षात आलं नाही. मामीच्या आलं.

दुसऱ्या दिवशी मामी चावी देऊन खाली उतरली ती एकेक पायरी बघत. सगळ्यात वरच्या पायरीवर, जिथे मामा रोज बसायचा, तिथे कोपऱ्यात शेंगांच्या टरफलांचा ढीग होता. गुडघाभर नव्हे, पण घोट्याएवढा नक्की.

आता हे सांगायला हवं की मनोऱ्यात कबुतरं होती आणि मामा त्यांना पहिल्यापासून शेंगदाणे घालत असे. शेंगांची पिशवी खिळ्याला टांगलेली असायची. पूर्वी तो वर जाऊन दाणे टाकायचा. आता खालून मूठ वर करायचा आणि मामी ते टाकायची.

"अहो," मामी म्हणाली, "हे काय?"

"ते कबुतरांचं."

"कबुतरं शेंगा सोलून खातात होय? आणि टरफलं गोळा करून इथे कोपऱ्यात ठेवतात? बरीच शिस्तीची दिसतात."

मामाने वर कबुतरांकडे पाहिलं. एकानेही त्याची बाजू घेतली नाही.

"अगं, मी काही खात नाही. एक त्यांना, एक मला. नुसतं तोंडात टाकायला. पिशवी कबुतरांची आहे, ती आपल्या खात्यात कशी धरणार?"

आणि गंमत म्हणजे मामा खोटं बोलत नव्हता. सव्वीस वर्षं त्या पिशवीचं नावच 'कबुतरांचे दाणे' होतं. त्यातलं काही आपल्या पोटात गेलं तरी ते कबुतरांनीच खाल्लं, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. पाहुण्याच्या ताटातली पुरी उचलली तर ती पाहुण्याने खाल्ली असं मानणारी माणसं आहेतच की.

मामीने टरफलं पदरात भरली आणि संध्याकाळी भाचीसमोर टेबलावर ओतली. भाचीने ती मोजली. दिवसाला साधारण ऐंशी ग्रॅम दाणे, असा अंदाज निघाला.

"अठरा फेरे," ती म्हणाली.

"किती?"

"अठरा. ताटात ऐंशी, पायरीवर अठरा. अठ्ठ्याण्णव झाले, मामा. घड्याळ शंभर खर्च करतंय आणि तू अठ्ठ्याण्णव देतोयस. वजन कुठून खाली येणार?"

मामाने एक टरफल उचलून उलटसुलट करून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते हेच काय?"

"थेंब कसले?" मामी म्हणाली. "नळ उघडा होता!"

त्या दिवसापासून पिशवी वर, घड्याळाच्या खोलीत, मामीच्या ताब्यात गेली. पहिला आठवडा मामाला फार जड गेला. पायरीवर बसला की हात आपोआप खिळ्याकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. तोंड तेवढं चालू राहायचं. पण पुढच्या रविवारी काटा अर्धा किलो खाली होता. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी थोडा. एका आठवड्यात तर काहीच उतरलं नाही आणि मामाने मामीच्या पदराचीही झडती घेतली. भाची म्हणाली, अंगातलं पाणी कमीजास्त होतं, एका रविवारवर जाऊ नकोस, महिना बघ. महिना बघितला तर खरंच दोन किलो गेले होते.

भूक लागत नव्हती असं नाही. लागायची, आणि भलत्या वेळी. दुपारी चार वाजता मामा इतका चिडखोर व्हायचा की घरातली मांजर तीन पंचावन्नलाच बाहेर जायची. मग भाचीने सांगितलं की फेरे तेवढेच ठेव, पण डाळ, अंडी, भाज्या वाढव, लोणी-साखर कमी कर. पोट भरलेलं राहील. तसं केल्यावर मांजर घरात थांबू लागली.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी नवी अडचण आली. उतरण्याचा वेग मंदावला.

"आता मी काही खाल्लेलं नाही हं!" मामाने आधीच दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.

"माहितीये," भाची म्हणाली. "तू हलका झालास ना, म्हणून तुझा खर्चही थोडा कमी झालाय. लहान घड्याळाला चावी कमी लागते. आता शंभर नाहीत, सत्त्याण्णव लागतात."

मामाला हे फार आवडलं. आपण लहान घड्याळ झालो, हे तो दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटला. पानवाल्यापासून पोस्टमनपर्यंत कोणालाही त्याचा अर्थ कळला नाही, पण सगळ्यांनी अभिनंदन केलं.

ठरलेल्या तारखेला मामाचं वजन साडेब्याण्णव होतं. दारातल्या चौकटीतून तो आदल्या रविवारी गेला होता, पण एक बटण तुटलं होतं. जाणं मोजायचं की बटण, यावर घरात एकमत नव्हतं.

पावणेबाराला साहेब मोटरीचं चित्र काखेत घेऊन वर आले. मागे भाची. मागे ते दोन कारकून, यावेळी पायांपासून सुरक्षित अंतर ठेवून. मामी सवयीने चावीचा दांडा हातात घेऊन उभी होती. मामाने हात पुढे केला. तिने दांडा लगेच सोडला नाही. चार महिने तिने तो फिरवला होता.

"नीट फिरवा," ती म्हणाली. "ऐंशीनंतर जरा जड जातो."

"मला सांगतेस!"

मामाने शर्ट काढून भाचीच्या हातात दिला. बटणाचा धोका नको. एक हात वर, खांदे तिरके. डोकं गेलं. खांदे गेले. छाती गेली. पोट चौकटीपाशी आलं, चौकटीला टेकलं आणि मामा थांबला.

साहेबांनी काखेतलं चित्र हातात घेतलं.

"अहो?" मामीने खालून हाक मारली.

उत्तर नाही.

"मामा, अडकलास?"

"अडकलेत," एक कारकून दुसऱ्याला म्हणाला. "तेल आणू?"

"गप्प बसा रे!" वरून आवाज आला. "बारा वाजायला एकच मिनिट आहे. कानात कापूस घालतोय!"

आणि मग दोन्ही पाय, एकापाठोपाठ एक, वर नाहीसे झाले. रिकाम्या झडपेतून उजेडाचा चौकोनी तुकडा जिन्यात पडला आणि घड्याळाने बाराचे ठोके द्यायला सुरुवात केली. साहेब काहीतरी म्हणाले, पण ते कोणाला ऐकू आलं नाही. बाराव्या ठोक्यापर्यंत चित्राची गुंडाळी झाली होती.

मामा वरून एकेक फेरा मोजत होता आणि मामी खालून त्याच्याबरोबर मोजत होती. एक्क्याऐंशीला त्याचा आवाज जड झाला. "म्हटलं होतं ना," मामी म्हणाली. शंभर झाल्यावर मामाचं डोकं झडपेतून खाली डोकावलं.

"अगं, घड्याळाला तेल कोणी घातलंय? असं लोण्यासारखं फिरतंय!"

"मी. तुम्ही खालून ओरडत होतात तेव्हा."

मामाने उलटं लटकूनच मामीकडे पाहून मान डोलावली. मग साहेबांना म्हणाला, "साहेब, मोटर नको. पण एक लिहून घ्या. सोम, बुध, शुक्र मी. मंगळ, गुरू, शनी ही."

"आणि रविवार?" साहेबांनी विचारलं.

"रविवारी दोघं," मामी म्हणाली. "ह्यांच्यावर लक्ष कोण ठेवणार?"

साहेबांनी लिहून घेतलं. पुढे त्या आवक-जावक टेबलावर कोणाला बसवलं ठाऊक नाही, पण मोटरीचं चित्र साहेबांनी अजून फेकलेलं नाही, असं कारकून सांगतात.

सगळे उतरू लागले तेव्हा वरून पुन्हा हाक आली. "अगं, पिशवी कुठे ठेवलीस? कबुतरं मागे लागलीत."

मामी तीन पायऱ्या परत चढली. पिशवी तिने सकाळीच वरून आणून खांद्याला लावली होती. तीन महिने तिने ती दुसऱ्या कोणाच्या हाती दिली नव्हती. तिने दोन शेंगा फोडल्या, आणखी एक फोडली, दाणे तळहातावर घेतले, एक परत पिशवीत टाकला आणि हात झडपेतून वर केला.

"पाच आहेत. चढल्याचे. त्यात कबुतरांना किती द्यायचे ते तुमचं तुम्ही बघा."

मामा सांगतो, त्याने चार कबुतरांना दिले आणि एक स्वतः खाल्ला. कबुतरांनी यावर अजून काही सांगितलेलं नाही.